बिल्ड झालं? आता कसं झालं तेही लिहा

छापील मराठी पानाच्या फोटोतून मजकूर काढून देणारी टेसरॅक्ट ही लायब्ररी फुकट आहे आणि तिचा सोर्स कोड खुला आहे. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत १९८५ च्या सुमारास जन्मलेली ही लायब्ररी २००५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. लिनक्स, विंडोज, मॅक या तिन्हींवर ती चालते. मात्र स्वतःच्या मशीनवर बिल्ड करायला घ्या, म्हणजे कळेल: कुणाचं तासाभरात होतं, कुणाचा आठवडा जातो.

शेगाव, चिखली, मलकापूर, बुलढाणा इथल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आणि खामगाव-मेहकरकडे घरी बसून प्रोग्रामिंग शिकणाऱ्या सर्वांना एक विनंती आहे. अशी कुठलीही लायब्ररी बिल्ड झाली की तिथेच थांबू नका. कशी झाली ते लिहा आणि त्या प्रकल्पाच्या माहितीपानांत घाला.

कोड एकच असला तरी वाटा वेगळ्या असतात. उबुंटूवर आधी लेप्टोनिका ही चित्रं हाताळणारी लायब्ररी लागते. मग ऑटोजेन, कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल आणि शेवटी एलडीकॉन्फिग. हे शेवटचं राहिलं, तर बिल्ड बिनचूक होऊनही प्रोग्राम सुरू करताना लायब्ररी सापडत नाही. मॅकवर सॉफ्टवेअर इन्स्टॉल करून देणारं होमब्रू इंटेल चिपसाठी यूजर-लोकलमध्ये सामान ठेवतं आणि ॲपलच्या स्वतःच्या चिपसाठी ऑप्ट-होमब्रूमध्ये. जुन्या मॅकचा पत्ता नव्या मॅकवर चालत नाही. विंडोजवर फोल्डरात फोल्डर करत पत्ता २६० अक्षरांपुढे गेला, की भलतीच एरर येऊ शकते.

अशा नोंदी शिळ्याही होतात. भाषेचा डेटा कुठे ठेवला आहे, हे टेसरॅक्टला टेसडेटा प्रिफिक्स या सेटिंगमधून सांगतात. तिसऱ्या आवृत्तीत तिथे टेसडेटा फोल्डरच्या वरच्या फोल्डरचा पत्ता द्यावा लागे. चौथ्या आवृत्तीपासून थेट टेसडेटाचाच. तेव्हाची बरोबर नोंद आज वाचणाऱ्याला चुकवते, आणि तिच्यावर आवृत्ती नसेल तर का चुकलं हेही त्याला कळत नाही.

‘हे काम प्रकल्पातल्या मोठ्या लोकांचं’ असं म्हणू नका. प्रकल्प सांभाळणारे मोजके असतात आणि प्रत्येकाकडे जगातली सगळी मशीन्स नसतात. चार जीबी रॅमच्या जुन्या कॉम्प्युटरवर मेकला एकाच वेळी चार कामं दिली, की मेमरी संपून कंपायलर मध्येच बंद पडू शकतो. एकेक काम दिलं तर वेळ लागतो, पण बिल्ड होतं. ज्याच्यापुढे तसा कॉम्प्युटर आहे, त्यालाच हे खात्रीनं सांगता येतं.

लिहिताना एवढं पाळा. कोड नव्या, रिकाम्या फोल्डरात घेऊन सगळं पुन्हा एकदा करा. आधीच्या खटपटीत इन्स्टॉल झालेलं सामान नोंदीतून हमखास सुटतं. सुरुवातीला ऑपरेटिंग सिस्टीम, प्रोसेसर, कंपायलर आणि लायब्ररी यांची नावं, आवृत्त्या आणि तारीख लिहा. कमांड आठवून लिहू नका, टर्मिनलमधून उचला. एररचा फोटो लावू नका, तिच्या ओळी अक्षरांत द्या. म्हणजे पुढच्याला शोधल्यावर सापडतील. स्वतःचं यूजरनेम आणि पासवर्ड काढून टाका. जे चालवून पाहिलं नाही, ते ‘पाहिलेलं नाही’ असं स्पष्ट लिहा.

आधीची नोंद चुकीची असेल तर तीच दुरुस्त करा. तिच्याशेजारी दुसरी ठेवली, तर वाचणाऱ्यानं विश्वास कशावर ठेवायचा? इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालेल, कमांड बरोबर हवी. तीच नोंद मराठीत करून कॉलेजातल्या ज्युनिअर मुलांनाही द्या.

आणि हे एका माणसावर टाकू नका. वर्गातल्या एकानं विंडोज घ्यावं, एकानं उबुंटू, कुणाकडे मॅक असेल तर त्यानं ते. नवी आवृत्ती आली की प्रत्येकानं आपापली नोंद पहिल्या ओळीपासून चालवून पाहावी. चालली तर तारीख बदलावी. नाही चालली, तर कुठल्या पायरीवर अडली ते त्याच दिवशी लिहावं, उत्तर सापडलेलं नसलं तरीही.