जोत्याची उंची आणि साठेखत

मुंबईतील चाळीच्या एका खोलीत उमेदीची वर्षे काढलेल्या माणसाला स्वतःच्या घराचे जे स्वप्न पडते, त्यात सहसा मजले नसतात. त्यात एक लहानसा ओटा असतो, मागल्या दारी तुळस आणि कढीलिंब लावण्यापुरते परस असते, आणि रात्री दहानंतर कोणाचा रेडिओ ऐकू येऊ नये एवढी शांतता असते. हे स्वप्न दादरला परवडत नाही, ठाण्याला परवडत नाही आणि डोंबिवलीलाही परवडेनासे झाले. म्हणून ते लोहमार्गाच्या कडेकडेने अंबरनाथ ओलांडून बदलापूरपर्यंत आले, आणि स्थानकाच्या पश्चिमेस असलेल्या बेलवलीसारख्या जुन्या गावठाणांच्या आसपास स्थिरावले. ओळीने उभी असलेली, भिंतीला भिंत लागलेली, तळमजला आणि वर एखादा मजला अशी घरे, म्हणजे ज्यांना जाहिरातीत ‘रो-हाउस’ म्हणतात ती, या स्वप्नाचे बेताच्या पैशात मिळणारे रूप होय.

या स्वप्नाला हसण्याचे काही कारण नाही. पहाटेच्या लोकलने निघून रात्री परतणाऱ्या नोकरदाराने आयुष्यभराची शिल्लक, पत्नीचे दागिने आणि वीस वर्षांचे कर्ज एकत्र करून चार भिंती विकत घेणे, यात जेवढे धाडस आहे तेवढे पुष्कळशा उद्योगपतींच्या व्यवहारातही नसेल. उद्योगपतीचा एक व्यवहार फसला तर दुसरा असतो. या माणसाला दुसरा व्यवहार नाही. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीतील लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत होती. २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. या वाढीचा फार मोठा भाग अशाच एकेका धाडसातून झालेला आहे. प्रश्न एवढाच आहे की, हे धाडस करण्यापूर्वी त्या माणसाला काय सांगितले जाते?

त्याला पुष्कळ सांगितले जाते. स्थानक किती मिनिटांवर आहे, शाळा कोठे आहे, नळाला पाणी किती वेळ येते, हे सारे विक्रेता उत्साहाने सांगतो. कर्ज देणारी बँक आपल्या वकिलाकडून जमिनीच्या मालकीचा मागील अनेक वर्षांचा शोध घेवविते, सातबारा पाहते, मंजूर नकाशा पाहते. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मुद्रांक शुल्क भरले जाते, अंगठे उमटतात, छायाचित्रे निघतात. साठेखताची पाने भरतात; त्यात फरशीचा प्रकार असतो, खिडकीच्या गजांचा उल्लेख असतो, नळाच्या तोट्यांचासुद्धा असतो. एकच गोष्ट बहुधा नसते: पश्चिमेकडून वाहणारी उल्हास नदी चढली तर या घराच्या जोत्यापासून ती किती अंतरावर असेल?

वास्तविक ही माहिती काही गुप्त नाही. सह्याद्रीत उगम पावून कर्जत, नेरळ, वांगणी असा प्रवास करीत उल्हास बदलापुरास येते. येथे तिची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोक्याची पातळी १७.५० मीटर मानली जाते. दर पावसाळ्यात हे दोन आकडे वर्तमानपत्रात छापून येतात. बदलापूरच्या पश्चिम भागातील गृहिणीलासुद्धा ते तोंडपाठ असतात. परंतु आपल्या घराचे जोते किती मीटरवर आहे, हे तिला कोणी सांगितलेले नसते. ज्या मापाने नदी मोजली जाते त्याच मापाने घर मोजलेले नसेल, तर धोक्याची पातळी ओलांडल्याची बातमी ऐकून तिने नेमके काय करावे? धान्याचे डबे माळ्यावर चढवावेत, की निश्चिंतपणे झोपावे?

ही शंका काल्पनिक नाही. २६ जुलै २००५ चा प्रलय मुंबईच्या संदर्भात पुष्कळांच्या स्मरणात आहे. त्याच दिवसांत उल्हासनेही आपला काठ सोडला होता. २०१९ च्या जुलैत वांगणी आणि बदलापूर यांच्यामध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि सुमारे एक हजार पन्नास प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. ते दृश्य सर्व देशाने पाहिले. प्रवाशांची सुटका झाली, त्यांना दुसऱ्या गाडीने पाठविण्यात आले आणि देशाचे लक्ष अन्यत्र गेले. परंतु त्याच पाण्याने हेंद्रेपाडा, रमेशवाडी यांसारख्या वस्त्यांतील ज्या तळमजल्यांत प्रवेश केला, तेथील माणसांसाठी दुसरी गाडी नव्हती. दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पाणी पुन्हा आले.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. बेलवली किंवा बदलापूर पश्चिम हा सारा प्रदेश बुडणारा आहे, असे म्हणणे सत्याला सोडून होईल आणि तेथे राहणाऱ्यांवर अन्यायाचेही होईल. एक गल्ली बुडते आणि शेजारची कोरडी राहते, हेच तर नदीकाठच्या सपाट भूमीचे वैशिष्ट्य आहे. दोन हात उंचीचा फरक उन्हाळ्यात घर पाहावयास आलेल्या माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच तो कागदावर दिसला पाहिजे.

पूररेषांची कल्पनाही आपल्या शासनाला नवी नाही. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई आणि निळ्या-लाल रेषांच्या मध्ये जोते पुरेसे उंच ठेवण्याची अट, असा नियम आहे. पण ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ हे शब्द फसवे आहेत. ऐकणाऱ्याला वाटते, पूर नुकताच येऊन गेला, आता पंचवीस वर्षे चिंता नाही. गणित निराळे सांगते. दर वर्षी पंचविसात एक अशी शक्यता असेल, तर वीस वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता शेकडा छप्पन्न होते. म्हणजे कर्ज फिटण्यापूर्वी पूर येण्याचा संभव न येण्याच्या संभवाहून अधिक! शंभर वर्षांच्या पुराची शक्यताही त्याच वीस वर्षांत शेकडा अठरा भरते. हा हिशेब साठेखतावर सही करणाऱ्या किती जणांना कोणी मांडून दाखविला आहे?

कायद्याने ग्राहकासाठी काहीच केलेले नाही, असे नव्हे. १९६३ च्या सदनिका मालकीविषयक कायद्याने, ज्याला आपण ‘मोफा’ म्हणतो, बिल्डरवर जमिनीचा हक्क उघड करण्याचे बंधन घातले. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने त्यापुढे पाऊल टाकले. नोंदणीकृत करारावाचून किमतीच्या एकदशांशाहून अधिक रक्कम घेण्यास मनाई केली आणि बांधकामातील दोषांची जबाबदारी पाच वर्षे ठेवली. परंतु याच कायद्याने पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला किंवा आठपर्यंत घरांच्या योजनेला नोंदणीतून सूट दिली आहे. ओळीने बांधलेली सहा-आठ घरे म्हणजे नेमकी या सुटीत बसणारी योजना. आणि जे घर एका हातून दुसऱ्या हाती जाते, त्या जुन्या घराच्या व्यवहारात तर ही नोंदणी येतच नाही. तात्पर्य, ज्याची ऐपत सर्वांत कमी, त्याच्या वाट्याला संरक्षणही सर्वांत कमी.

या संदर्भात हॉलंडचे उदाहरण मनात येते. त्या देशाचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे. तेथील मध्यमवर्गीय माणूसही आपल्या माणसासारखेच घर घेतो: ओळीतील, विटांचे, पुढे हातभर बाग आणि मागे सायकल ठेवण्याची खोली. त्या देशात सर्वांत अधिक आढळणारे घर हेच. १ फेब्रुवारी १९५३ च्या रात्री समुद्राने बांध फोडले आणि १,८३६ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर त्या राष्ट्राने अनेक दशके खर्चून समुद्राला बंधारे घातले. परंतु आपण शिकण्यासारखी गोष्ट बंधाऱ्यांहून साधी आहे. तेथे मध्ययुगापासून पाण्याचा कारभार पाहणारी निवडून आलेली मंडळे आहेत. घरमालक त्यांना कर देतो, मत देतो आणि म्हणून जाबही विचारतो. आपल्या घराचा टपाल क्रमांक देऊन तेथे पाणी किती चढू शकते, हे पाहण्याची सार्वजनिक सोय आहे. विक्रेत्याने घराचे त्याला ठाऊक असलेले दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य मानले जाते. शिवाय करारावर सही केल्यानंतरही घर घेणाऱ्याला तीन दिवस विचार करण्याची मुभा कायद्याने आहे. त्या मुदतीत तो दंडावाचून माघार घेऊ शकतो. हॉलंडला पूर येत नाहीत, असे नाही. २०२१ च्या ज्या जुलैत उल्हास चढली, त्याच महिन्यात त्या देशाच्या दक्षिण भागातील गावांतही नदीचे पाणी शिरले. फरक एवढाच की, आपण पाण्याशेजारी राहतो हे तेथील माणसाला ठाऊक असते.

आपल्याकडे फार मोठ्या खर्चावाचून तीन गोष्टी करता येतील. पहिली, नदीकाठच्या नगरपरिषदांच्या हद्दीतील प्रत्येक साठेखतात आणि खरेदीखतात, घर नवे असो वा जुने, जोत्याची उंची आणि दोन्ही पूररेषांची त्या ठिकाणची पातळी एकाच मापात लिहिणे सक्तीचे करावे. त्यावाचून दस्त नोंदविला जाऊ नये. दुसरी, लाल आणि निळ्या रेषांच्या खुणा कचेरीतील नकाशावर न ठेवता गल्लीतील विजेच्या खांबांवर रंगवाव्यात. निरक्षर माणसालाही त्या वाचता येतील. तिसरी, आठ घरांची सूट पूररेषेच्या परिसरात रद्द करावी आणि इसार दिल्यानंतर तीन दिवसांची विचाराची मुदत आपणही मान्य करावी.

यावर आक्षेप येईल, आणि तो केवळ बिल्डरांकडून येणार नाही. ज्यांनी पूर्वीच घरे घेतली आहेत ते म्हणतील, आमच्या भिंतीवर लाल पट्टा ओढून तुम्ही आमच्या आयुष्याच्या कमाईची किंमत उतरविता. ही तक्रार खोटी नाही. अशा रहिवाशांना घर उंचावून बांधण्यासाठी, तळमजला मोकळा सोडून पुनर्बांधणी करण्यासाठी सवलत आणि साहाय्य देणे हे शासनाचे कर्तव्यच आहे. कारण त्यांना परवानगी देणारे शासनच होते. परंतु माहिती दडवून किंमत टिकत नाही. ती फक्त पुढच्या माणसाच्या माथी मारली जाते. आणि हा पुढचा माणूस कोण असतो? बाजारातील सर्वांत स्वस्त तळमजला शोधीत आलेला, सर्वांत कमी चौकशी करू शकणारा माणूस. तोट्याचे हे हस्तांतरण आपण किती काळ व्यवहार म्हणून चालू देणार?

‘घर पाहावे बांधून’ असे आपले वाडवडील म्हणत. कारण बांधणाऱ्याला दगड, चुना आणि जमीन यांची ओळख करून घ्यावीच लागे. गावातील जाणता म्हातारा नदी कोठवर येते ते बोटाने दाखवीत असे. आज घर बांधावे लागत नाही, विकत मिळते. आणि तो म्हातारा उरलेला नाही. त्याचे बोट साठेखताच्या एका ओळीत उतरविणे एवढेच आता आपल्या हाती आहे. ओट्यावर बसून पाऊस पाहण्याची इच्छा धरणाऱ्या माणसाला निदान तो पाऊस ओट्याच्या कितव्या पायरीपर्यंत येईल, हे सही करण्यापूर्वी कळले पाहिजे.