हळदीकुंकू दुपारी तीनला ठेवा!

मैत्रिणींनो, आणि मित्रांनो तुम्हीसुद्धा! लेख हळदीकुंकवाचा आहे म्हणून लगेच पान उलटू नका. यात वाघ आहे.

मी ऊर्जानगरची. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची ही कॉलनी. १९८३ साली पहिला संच सुरू झाला आणि आज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. आपल्या विद्युत शाखेची मुलं तिकडे व्हिजिटला जातात, टर्बाइन बघतात, कूलिंग टॉवरसमोर फोटो काढतात आणि परत येतात. क्वार्टर्समध्ये काय चालतं ते त्यांना दिसत नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत तिथे रोज कुणाकडे तरी हळदीकुंकू असतं. कॉलनीत कोण कुठलं, कोण कुठलं! कुणी ब्रह्मपुरीचे, कुणी वर्ध्याचे, कुणी थेट सांगलीचे. त्यामुळे एका घरी सांबारवडी (पुण्याच्या मंडळींसाठी : सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीसोबतचं नव्हे), तर दुसऱ्या घरी गुळाची पोळी. बाबा बाजारातून घाटे, बोरं आणि ऊस आणतात. आई सकाळी व्हरांड्यातली काळी धूळ दोनदा पुसते आणि मगच रांगोळी काढते. कुणाच्या बाळाची पहिली संक्रांत असली की लूट, म्हणजे तुमचं ते बोरन्हाण.

आणि निमंत्रण कायम एकच. ‘संध्याकाळी सहा ते आठ.’

का? तर हळदीकुंकू संध्याकाळचंच असतं म्हणून. आता थोडा भूगोल. जानेवारीच्या शेवटी चंद्रपूरला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, मुंबईपेक्षा जवळजवळ अर्धा तास आधी. म्हणजे आमच्याकडे हळदीकुंकू सुरू होतं तेच अंधारात. यात मला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. उलट नवीन ड्रेस घालून आईसोबत तीन घरं फिरायची, तीन वाण जमा करायची, मजाच असायची.

मग २०२२ साल आलं. त्या वर्षी रथसप्तमी नुकतीच झाली होती. १६ फेब्रुवारीच्या रात्री काम संपवून सायकलने घरी निघालेल्या एका कामगाराला वाघाने वीज केंद्राच्या आवारातच मारलं. दुसऱ्याच रात्री शेजारच्या दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाचा बळी घेतला. तो मुलगा साधारण माझ्याच वयाचा होता. ते दिवस मला अजून आठवतात. ट्यूशनला बाबा सोडायला यायचे आणि खिडक्या संध्याकाळपासून बंद असायच्या.

बाहेरचे लोक विचारतात, वाघ कारखान्यात कसा येतो? अहो, कारखाना म्हणजे नुसती चिमणी नाही. केंद्राचं आवार अफाट आहे, त्यात झुडपं माजलेली, जवळच इरई धरणाचं पाणी, आणि रानडुकरं व मोकाट कुत्री आहेतच. पलीकडे ताडोबाचं जंगल. आईपासून वेगळा झालेला तरुण वाघ स्वतःची जागा शोधत निघतो, त्याला कुंपण कळत नाही. मी वाघाच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते. वाघ त्याच्या वेळेलाच निघतो. आपण आपली वेळ बदलली का, एवढाच माझा प्रश्न आहे.

तर नाही बदलली! दोन-तीन आठवडे सगळे घाबरले. पुढच्या जानेवारीत पुन्हा ‘सहा ते आठ’. फरक इतकाच, की काकू आता काकांच्या स्कूटरवरून किंवा चारचाकीतून येतात.

पण आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी पायी जातात. कॉलनीच्या फाटकाबाहेर त्यांची वाट झुडपांमधून जाते. त्या वाटेवर कितीही दिवे लावा, झुडपात काय बसलंय ते दिसत नाही. एरवी मावशी पाचला मोकळ्या होतात. हळदीकुंकवाच्या दिवशी मात्र आई म्हणायची, ‘‘मावशी, आज जरा थांबा हं, कपबशा खूप आहेत.’’ पस्तीस बायका म्हणजे पस्तीस कप, पस्तीस प्लेटा. मावशींना निघायला साडेआठ व्हायचे. वर्षातला जो दिवस बायकांनी बायकांचा मान करायचा, त्याच दिवशी आमच्या घरातली एक बाई सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात वाईट वाटेने घरी जायची. हे मला दिसायला बारावी उजाडावी लागली, याची लाज वाटते.

बरं, वाण तरी? वाण मिळायचं, पण ओट्यापाशी, पिशवीत घालून. सतरंजीवर बसवून नाही. मी आईला विचारलं तेव्हा ती आवाज खाली करून म्हणाली, ‘‘अगं, त्यांचं तसं आहे ना.’’ तसं म्हणजे मावशींचे मिस्टर वारले आहेत.

इथे मला माझी शाळा आठवली. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या सिस्टर कधी कुंकू लावत नव्हत्या, बांगड्या नाहीत, मंगळसूत्र नाही. दर संक्रांतीला आई त्यांना तिळगूळ आणि स्टीलची वाटी द्यायची, दोन्ही हातांनी, वाकून. सिस्टर हसून ‘थँक यू’ म्हणायच्या आणि आईला तो दिवसभर आनंद पुरायचा. कुणालाही अपशकून झाला नाही. म्हणजे कपाळ मोकळं असलेल्या बाईला मानाने वाण देता येतं, हे आईला आधीपासून येत होतं की! फक्त ती बाई इंग्रजी बोलणारी लागायची. (हे वाक्य मी घरी बोलले तेव्हा दोन दिवस अबोला होता. असो.)

मी काही जगावेगळं सांगत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. एक खेडं ठराव करू शकतं. मग इंजिनिअर लोकांच्या कॉलनीत नुसती वेळ बदलायला एवढा त्रास का?

आक्षेप ऐकले आहेत मी. एक काकू म्हणाल्या, दिवेलागणीला लक्ष्मी येते. येत असेल, पण आमच्याकडे त्याच वेळेला बिबट्याही निघतो. दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. नोकरी करणाऱ्या काकू दुपारी तीनला कशा येणार? त्याला माझं उत्तर, रविवार धरा. तीन ते पाच. रविवारी सगळ्यांनाच जमेल असं नाही, शिफ्टवाल्यांना रविवार नसतोच. पण ज्यांना जमणार नाही त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी वाण नेऊन देता येतं. अंधारातून पायी जाणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी नेऊन देता येईल असं काहीच नाही.

‘‘हळदीकुंकूच बंद करा, मागासलेपणा आहे’’ असं आपल्या हॉस्टेलमधल्या माझ्या मैत्रिणी म्हणतात. अकरावीत मीही हेच म्हणायचे, तेही इंग्रजीतून. आता नाही म्हणत. आमच्या शेजारच्या काकू वर्षभर घराबाहेर पडतात त्या भाजीला आणि दवाखान्यात. जानेवारीतले पंधरा दिवस मात्र त्या नटून दुसऱ्यांच्या घरी जाऊन बसतात, हसतात, सुनेबद्दल तक्रार करतात. ते बंद करून त्यांना काय देणार आपण? व्हॉट्सॲप?

तर यंदा मी सुट्टी काढून घरी गेले आणि आईला पटवलं. रविवार, तीन वाजता. मावशींना आदल्या दिवशी रीतसर बोलावणं केलं. त्या म्हणाल्या, ‘‘मले कायले बलावता बाई? भांडे कोण घासन मंग?’’

पस्तीसपैकी बावीस जणी आल्या. एक काकू मावशींना सतरंजीवर बघून पाच मिनिटांत उठल्या, ‘गॅसवर दूध आहे’ म्हणाल्या. मावशी अगदी कडेला, दाराजवळ बसल्या होत्या. आईने करंडा पुढे केला तेव्हा त्यांनी हात आडवा केला. ‘‘कुंकू राहू दे बाई, तिळगूळ दे.’’ मला वाईट वाटलं, मला वाटत होतं त्या लावून घेतील. पण ते त्यांचं कपाळ आहे, माझ्या लेखातला मुद्दा नाही. आईने तिळगूळ दिला, वाण दिलं, दोन्ही हातांनी. पाचला उजेड होता. मावशी उजेडात घरी गेल्या.

कपबशा मी आणि बाबांनी घासल्या. बाबा वीज केंद्रात एवढी वर्षं आहेत, पण विम कुठे ठेवतात ते त्यांना माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आल्या, मांडणीवरचे कप एकेक करून उजेडात धरून पाहिले आणि काही न बोलता त्यातले नऊ पुन्हा घासायला घेतले.

(तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी)