लेबल झाकून चव पाहा

पॅरिसमध्ये २४ मे १९७६ रोजी स्टीव्हन स्परियर या ब्रिटिश वाईन-व्यापाऱ्याने एक चाचणी घेतली. फ्रान्स आणि कॅलिफोर्नियाच्या वाईन त्याने फ्रेंच परीक्षकांपुढे ठेवल्या, पण कोणती कुठली हे सांगितलं नाही. निवाडा फक्त रंग, गंध आणि चवीवर झाला. पांढऱ्या आणि लाल, दोन्ही गटांत पहिली आली ती कॅलिफोर्नियाची वाईन. नापा खोऱ्याचं नाव त्यानंतर जगभर घेतलं जाऊ लागलं.

ही हकिगत लातूर-नांदेडच्या शेतकऱ्यांच्या कामाची आहे.

वाईन म्हटली की आपल्याकडे आधी वाद आठवतो. सुपरमार्केटमधून वाईन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी २०२२ मध्ये घेतला, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. व्यसनाची काळजी रास्तच होती. मद्याचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये स्पष्ट केलं. मात्र वाईनच्या जगातली एक विद्या न पिणाऱ्यालाही घेता येते. परीक्षक आधी रंग पाहतो, पेला फिरवून वास घेतो, घोट जिभेवर घोळवतो आणि बहुतेकदा थुंकून टाकतो. मग आंबटपणा, द्राक्षाच्या साली-बियांतून आलेला तुरटपणा आणि मागे रेंगाळणारी चव यांची वेगवेगळी नोंद करतो. ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकन आहे, आणि तिथल्या वाईनरींत पर्यटकांनाही ही पद्धत शिकवली जाते.

भौगोलिक मानांकन लातूर जिल्ह्याकडेही आहे. २०२४ मध्ये पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि कास्तीची कोथिंबीर, अशा तिघींना ते मिळालं. पण या चिंचेत आंबट किती नि गोड किती, ही डाळ शिजताना घरभर कसा वास सुटतो, हे पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला नेमक्या शब्दांत कोण सांगणार? दुकानात डाळ निवडली जाते ती रंग आणि चकाकी पाहून. पॉलिशने चकाकी येते, चव येत नाही.

प्रयोगशाळा ओलावा मोजते, भेसळ पकडते. स्वादाची पारख शेवटी माणसालाच करावी लागते. ऑलिव्ह तेलाला ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ म्हणायचं तर युरोपात प्रशिक्षित चाखणाऱ्यांच्या गटाची चाचणी १९९१ पासून नियमातच घातलेली आहे. चहा आणि कॉफीचा व्यापारही अशाच पारखी जिभांवर चालतो.

अशी पारख मोहफुलांनाही हवी. नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरच्या रानात मोहाची झाडं आहेत. उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे वेचलेली, वाळवलेली ही फुलं म्हणजे फक्त हातभट्टीचा माल, असा समज गावोगाव आहे. त्यांच्या भाकरीची, लाडवांची चव मात्र कोणी नीट टिपून ठेवत नाही. २०२१ मध्ये राज्याने मोहफुलांवरचे निर्बंध उठवले. आता त्यांना खाद्यपदार्थ म्हणून किंमत मिळवून द्यायला हवी.

लातूरचं कृषी महाविद्यालय, नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि दोन्हीकडच्या बाजार समित्यांनी दरवर्षी सुगीनंतर पॅरिससारखी लेबल झाकलेली चाचणी घ्यावी. बोरसुरीची डाळ इतर डाळींबरोबर शिजवावी, नावं झाकावीत, परीक्षकांत शेतकरी आणि रोज स्वयंपाक करणाऱ्या बायका बसवाव्यात आणि निकाल जाहीर करावा. यासाठी मोठा निधी लागत नाही. येत्या हंगामात तूर बाजारात येईल, तेव्हाच पहिली चाचणी व्हावी.