सीबीसीतला भागाकार

घरात कुणाला मेंदूची गाठ निघाली की रिपोर्टांची फाइल फुगत जाते. एमआरआयचा कागद फारसा कुणाला कळत नाही. सीबीसीवर मात्र आकडे असतात. मग घरातला शिकलेला मुलगा मोबाइल घेऊन बसतो आणि 'एनएलआर' शोधून काढतो. अब्बांचा आकडा 4 च्या वर दिसला की घरात रडारड सुरू होते. म्हणून आम्ही या महिन्यात हाच विषय घेतला आहे.

रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिलच्या टक्क्याला लिम्फोसाइटच्या टक्क्याने भागायचे, म्हणजे झाला एनएलआर. 72 भागिले 18, उत्तर 4. सहावीच्या मुलालाही जमेल. अंगात दाह वाढला की न्यूट्रोफिल वाढतात. ग्लायोब्लास्टोमा या जहाल गाठीच्या रुग्णांत ऑपरेशनपूर्वी हा आकडा जास्त असेल तर सरासरीने आयुष्य कमी भरले, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पण यातले बहुतेक अभ्यास जुन्या फायली चाळून केलेले आहेत.

खरी गोम पुढेच आहे. मेंदूची सूज उतरावी म्हणून डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देतात. डोकेदुखी, उलट्या थांबतात; पण त्याच गोळीने न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात. आकडा चढला तो गाठीमुळे की गोळीमुळे, हे नुसत्या कागदावरून सांगता येत नाही. साधा न्यूमोनिया झाला तरी तो चढतो. आणि आकडा उतरावा म्हणून स्टिरॉइड मनाने बंद करणे तर जिवावर बेतू शकते.

वय, रुग्ण हिंडता-फिरता आहे का, गाठ किती निघाली, तुकड्याच्या तपासणीत आयडीएच आणि एमजीएमटी काय आले, डॉक्टर याला जास्त वजन देतात. इलाजानेही फरक पडतो. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत नुसत्या रेडिएशनवर दोन वर्षांनंतर शंभरातले साधारण 10 रुग्ण हयात होते. सोबत टेमोझोलोमाइड दिलेल्यांत 26. आजार कठीणच आहे, ते आम्ही लपवत नाही. पण त्या 26 जणांत आपला माणूस आहे की नाही, हे भागाकार सांगत नाही.

डॉक्टरांना विचारायचे ते एवढेच: हा सीबीसी स्टिरॉइड सुरू होण्याआधीचा की नंतरचा? तुकडा आयडीएच-एमजीएमटीसाठी पाठवला का? आणि टेमोझोलोमाइड चालू असताना सीबीसी चुकवू नका. तेव्हा तो आयुष्य मोजायला नसतो. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी फार उतरल्या तर गोळी थांबवावी लागते, म्हणून असतो.