प्यारीचं पुढं काय झालं?

गेल्या वर्षी, म्हणजे १७ जानेवारी २०२५ ला, ‘सत्या’ पुन्हा एकदा चित्रपटगृहांत लागला. पुण्यात शिकायला असलेल्या माझ्या भाच्यानं तो मित्रांबरोबर पाहिला आणि पुढच्या रविवारी नगरला घरी आला, तो जेवायला बसल्याबसल्या त्याचंच वर्णन करू लागला. भाचा एकवीस वर्षांचा. ३ जुलै १९९८ ला ‘सत्या’ पहिल्यांदा आला, तेव्हा या चिरंजीवांचा जन्मही व्हायचा होता. त्याला भिकू म्हात्रे फार आवडला होता. समुद्राकाठच्या खडकावर उभं राहून अख्ख्या मुंबईला ओरडून आव्हान देणारा भिकू. “मामा, काय माणूस आहे!” असं तो दोनदा म्हणाला.

त्याच्या पानात कोशिंबीर वाढता वाढता आमच्या सौ. म्हणाल्या, “माणूस आहे खरा. पण तो मेल्यावर त्याच्या बायकोचं काय झालं रे पुढं?”

भाच्याचा घास हातातच राहिला. “मामी, दुसरा भाग आलाय ना त्याचा? त्यात असेल.”

“मी पाहिलाय दुसरा भाग,” मी म्हणालो. “त्यात नाही.”

‘सत्या २’ आला ८ नोव्हेंबर २०१३ ला. दिग्दर्शक तेच, रामगोपाल वर्मा. नायक पुनीत सिंग रत्न हा नवा चेहरा. आम्ही बँकेतले चौघे जण शनिवारच्या अर्ध्या दिवसाचा फायदा घेऊन नगरमध्येच तो पाहायला गेलो होतो. पहिल्या ‘सत्या’नं आम्हाला असं काही झपाटलं होतं, की पंधरा वर्षांनीही ते नाव वाचून पाय आपोआप वळले. आत माणसं मोजकीच. मध्यंतरात त्यातलीही काही उठून गेली.

खेळ सुटल्यावर चहाच्या गाडीपाशी आमची चर्चा झाली. एक कॅशियर म्हणाले, “हीरो कोण, काही कळेना. ओळखीचा चेहरा हवा होता.” दुसरे म्हणाले, “पैसा कमी पडलाय हो. स्वस्तात उरकलंय सगळं.” तिसरे आमच्या शाखेतले शिपाई. नगरमध्ये लागलेला एकही चित्रपट न सोडणारा माणूस. ते बशीतला चहा संपवून शांतपणे म्हणाले, “साहेब, पहिल्यात तरी कुठं पैसा होता? पहिल्यात तरी कोण ओळखीचं होतं?”

वर्तमानपत्रांतली परीक्षणं मी नंतर वाचली, पण शिपायांच्या या दोन वाक्यांच्या पुढं मला जाता आलेलं नाही. खरंच, पहिल्या ‘सत्या’त लोकांना माहीत असलेलं मोठं नाव एकच होतं, उर्मिला मातोंडकर. सत्या झालेला जे. डी. चक्रवर्ती हिंदी प्रेक्षकाला नवा होता. मनोज बाजपेयीला रस्त्यात कोणी ओळखलं नसतं. कल्लूमामा झालेला सौरभ शुक्ला हा अनुराग कश्यपबरोबर त्या चित्रपटाचा लेखकही होता. वकील मुळे म्हणून मकरंद देशपांडे दिसले, तेव्हा ‘अरे, हे तर आपल्या नाटकातले’ असं काही मराठी घरांतून म्हटलं गेलं असेल, तेवढंच. चाळी, अंधाऱ्या खोल्या, पावसात भिजलेले रस्ते, एवढ्या भांडवलावर तो उभा होता. पुढं भिकूच्या भूमिकेसाठी मनोज बाजपेयीला साहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. थोडक्या पैशात चित्रपट होत नाही, असं म्हणायला त्यानं जागाच ठेवली नाही.

मग दुसऱ्या भागात कमी काय पडलं?

गुंड पाहण्याची सवय आम्हा नगरकरांना आमच्याच गावच्या माणसानं लावली आहे. १९८३ साली गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’ आला. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा आणि विजय तेंडुलकरांची पटकथा. त्यातला रामा शेट्टी म्हणजे नगरचे सदाशिव अमरापूरकर. हा रामा शेट्टी आरडाओरडा करीत नाही. हळू बोलतो, घरच्यासारखा बसतो, आणि समोरच्या इन्स्पेक्टरच्या पोटात गोळा येतो. त्या भूमिकेसाठी अमरापूरकरांना फिल्मफेअरचं पारितोषिक मिळालं, तेव्हा गावाला आनंद झालाच. पण एक गोष्ट आम्ही त्यातून शिकलो. गुंड पिस्तुलामुळं खरा वाटत नाही. तो बसतो कसा, उठतो कसा, घरात कसा वागतो, यावरून तो खरा वाटतो.

भिकू म्हात्रे तसा होता. त्याला घर होतं आणि त्या घरात प्यारी होती. शेफाली शहांनी उभी केलेली ही बाई नवऱ्यावर ओरडते, मार खाते, उलट हात उगारते, आणि पुढच्या क्षणी दोघं हसत सुटतात. तो नवरा-बायकोचा संसार होता, वेडावाकडा का होईना. म्हणून भाऊ ठाकुरदास झवळे भिकूला गोळी घालतो, तेव्हा प्रेक्षकाला बसणारा धक्का एका टोळीवाल्याच्या मरणाचा नसतो. एका घरातला माणूस गेलेला असतो. शेवटी सत्याही मरतो तो विद्याच्या दारात. दोन्ही मरणं येऊन पोहोचतात ती एका बाईपाशी.

‘सत्या २’मध्ये एक तरुण मुंबईत येतो आणि कोणाला दिसणार नाही, कोणाला नाव घेता येणार नाही अशी गुन्हेगारांची ‘कंपनी’ उभी करतो. कल्पना म्हणून वाईट नाही. पण त्यात गोष्ट घडत कमी होती, सांगितली जास्त जात होती. आणि ‘सत्या’ हे नाव लावूनही पहिल्या गोष्टीतल्या मागं राहिलेल्या कोणाचीच त्यात विचारपूस नव्हती. विद्या नाही, प्यारी नाही. पहिल्या चित्रपटाची पत घेतली, त्याच्यावरचं देणं मात्र घेतलं नाही.

माझं आयुष्य पत आणि देणं यांच्या हिशेबात गेलं, म्हणून ही भाषा तोंडात येते. त्या नोकरीतच मला एका अशा गोष्टीचा दुसरा भाग पाहायला मिळाला होता. तो सांगतो.

पंचवीसएक वर्षांपूर्वी मी प्रवरेच्या पट्ट्यातल्या एका गावी शाखेत होतो. नदीतल्या वाळूवरून तेव्हाही भांडणं होत. अशाच एका भांडणात एक तरुण मारला गेला. गावात त्याचा दरारा होता. मोटारसायकलवरून तो बाजारातून गेला, की पोरं वळून बघत. त्याच्यावर चित्रपट काढला असता, तर शेवटची चौकट त्याच्या अंत्ययात्रेची ठेवली असती, कारण यात्रेला गर्दी मोठी होती.

ती गर्दी पांगल्यावर महिन्याभरानं त्याची बायको बँकेत आली. बावीस-तेवीस वर्षांची असेल. कडेवर मूल, हातात नवऱ्याचं पासबुक. खात्यावर वारसाचं नाव लावलेलं नव्हतं. मृत्यूचा दाखला, अर्ज, वारस असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि दोन जामीनदार, असं सगळं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “साहेब, बाकीचं आणते. पण जामीनदार कोण राहील आता?” जिवंत असताना त्याच्यामागं हिंडणाऱ्या दहा-पंधरा जणांतला एकही पुढं आला नाही. शेवटी शाळेतले एक मास्तर आणि गावातला शिंपी उभे राहिले. त्या दोघांशी तिच्या नवऱ्यानं जिवंतपणी धड बोलणंही केलं नव्हतं.

टोळीवाल्याच्या गोष्टीचा खरा दुसरा भाग हा असा, काउंटरच्या अलीकडे रांगेत उभा असतो. आमच्या सौ.नी कोशिंबीर वाढताना त्याचीच मागणी केली होती.

तसा प्रयत्न कोणी केलाच नाही असं नाही. महेश मांजरेकरांचा ‘वास्तव’ १९९९ सालचा. पावभाजीची गाडी टाकणारा चाळीतला रघू गुंड होतो आणि अखेर त्याची आईच त्याला गोळी घालते. ती आई रीमा लागूंनी केली होती. तीन वर्षांनी, २००२ मध्ये, मांजरेकरांनी ‘हत्यार’ काढला, तो रघूच्या मुलाचा. बापाचं नाव पोराचा पिच्छा कसा सोडत नाही, हे त्यात होतं. ‘वास्तव’सारखं यश त्याला लाभलं नाही, पण निदान प्रश्न तरी योग्य ठिकाणी विचारलेला होता. मागं राहिलेल्यांचं काय?

‘सत्या’ पुन्हा लागला तेव्हा वर्मांनी जाहीरपणे लिहिलं, की इतक्या वर्षांनी तो पाहताना आपल्याला रडू आवरलं नाही आणि त्या यशानं आपले डोळे दिपून गेले होते. यशस्वी माणसानं असं लिहिणं सोपं नाही. पण मला वाटतं, २०१३ मध्ये चहाच्या गाडीपाशी आमचे शिपाई जे म्हणाले ते कोणी त्यांच्या कानावर घातलं असतं, तर बारा वर्षं आधीच काही तरी उमजलं असतं. साध्या प्रेक्षकाला कॅमेऱ्याची भाषा येत नसेल, पण घर कुठं आहे आणि कुठं नाही, हे त्याला लगेच कळतं. चित्रपटवाले त्याच्या तिकिटांचा हिशेब ठेवतात, त्याच्या मताचा मात्र क्वचितच ठेवतात.

आणि आपण घरातल्या वडीलधाऱ्यांनीही भाच्यांना, मुलांना असे चित्रपट पाहू नका म्हणून उपयोग नाही. ते पाहणारच. आम्हीही पाहिलेच की. ते पाहून आल्यावर त्यांच्याबरोबर बसावं, त्यांना त्या भिकूचं वर्णन करू द्यावं, आणि मग प्यारीचं काय झालं ते विचारावं. उपदेशापेक्षा तो प्रश्न त्यांच्याजवळ अधिक दिवस राहील.

त्या दिवशी वाळूवाल्याची गोष्ट मी जेवतानाच भाच्याला सांगितली. तो गप्प बसून ऐकत होता. संध्याकाळी पुण्याची एस.टी. पकडायला निघाला, चपला घातल्या आणि दारातून वळून म्हणाला, “मामा, त्या बाईला पैसे मिळाले का?”

मिळाले. सहाशे बारा रुपये होते खात्यावर. तिनं ते दोनदा मोजले, त्यातल्या दहा रुपयांत मुलाच्या नावानं नवं खातं उघडलं, आणि वारसाच्या रकान्यात कोणाचं नाव लिहायचं ते मला विचारून घेतलं.