विद्येचे व्रत आणि सेवेचे तास

आश्विनाच्या शुद्ध पक्षात मूळ नक्षत्रावर सरस्वतीचे आवाहन होते, पूर्वाषाढेवर पूजन आणि श्रवणावर विसर्जन. या दिवसांत महाराष्ट्रातील घराघरांत पाटावर पुस्तके मांडली जातात, पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती रेखाटली जाते आणि घरातील धाकटी मुलगी तिला हळदकुंकू वाहून हात जोडते. आपल्या मुलीला चांगले गुण मिळावेत, चांगल्या महाविद्यालयात प्रवेश मिळावा, अशी प्रार्थना आईबाप मनोमन करतात आणि ती रास्तच आहे. परंतु देवीने विद्या दिली, तर त्या विद्येने दुसऱ्या कोणाचे काय करावयाचे, हा प्रश्न पूजेच्या गडबडीत सहसा निघत नाही. तो निघावा, म्हणून आज आम्ही वाचकांना एका दूरच्या आणि परधर्मीय शाळेत नेत आहोत. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील जॉर्जटाउन भागात व्हिजिटेशन नावाची मुलींची कॅथलिक शाळा आहे. १७९९ साली स्थापन झालेली ही शाळा आजही चालू आहे. मुलींना महाविद्यालयीन शिक्षणासाठी तयार करणे हे तिचे काम, आणि अध्ययनाच्या जोडीने सेवा हा तिच्या शिक्षणाचा बांधील भाग.

नवरात्रातल्या या पानावर जोगिणींच्या शाळेचे काय काम, असे काही वाचक म्हणतील. त्यांची शंका निराधार नाही, तिला इतिहास आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शाळा काढली आणि तिला नाव दिले ‘शारदासदन’. नाव सरस्वतीचे, चालक ख्रिस्ती. पुढे ही शाळा पुण्यास गेली, मुलींच्या धर्मांतरावरून वादळ उठले, आणि १८९३ साली न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनीही तिच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. परंतु त्याच शारदासदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी यांचा त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला, आणि १८९६ साली अण्णांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. परक्याच्या घरातले चांगले काय ते पाहावे, पारखावे आणि मग आपल्या अंगणात आपल्या रीतीने उभारावे, ही वाट आपल्याच वडीलधाऱ्यांनी घालून दिलेली आहे. त्या वाटेने पाहू गेल्यास जॉर्जटाउनच्या शाळेत घेण्यासारखे पुष्कळ आहे, आणि सावध होण्यासारखेही.

ज्या संप्रदायाच्या जोगिणींनी ही शाळा वाढविली, त्याचा आरंभ १६१० साली फ्रान्सच्या सीमेवरील सावॉय प्रांतात, आनसी या गावी झाला. फ्रान्सिस द साल्स हे बिशप आणि जेन द शांताल ही चार मुलांची विधवा आई, हे त्याचे संस्थापक. कठोर तपाने शरीर झिजविणाऱ्या मठांत वृद्ध, अशक्त, विधवा स्त्रियांना जागा नसे. अशा स्त्रियांना झेपेल असा सौम्य मार्ग फ्रान्सिस यांनी आखला. व्हिजिटेशन म्हणजे भेटीस जाणे. येशूची माता मेरी स्वतः गर्भवती असताना, उतारवयात दिवस राहिलेल्या आपल्या नात्यातील एलिझाबेथकडे डोंगराळ वाट तुडवीत गेली आणि सुमारे तीन महिने तिच्यापाशी राहिली, अशी कथा बायबलात आहे. आपल्याकडील कोणत्याही आजीला ही कथा समजावून सांगावी लागणार नाही. बाळंतपणाला मदतीस जाणे यापलीकडे तिचा अर्थ नाही, आणि एवढ्या घरगुती कर्तव्यावर एका संप्रदायाचे नाव ठरावे, हे आम्हाला फार गोड वाटते.

त्या जोगिणी आरंभी आनसीतील आजारी व गरीब माणसांच्या घरी जात. पण व्रतस्थ स्त्रियांनी रस्त्यात हिंडावे, हे ल्योंच्या आर्चबिशपांना रुचले नाही. १६१८ पासून हा संप्रदाय भिंतीआड बंदिस्त झाला. भेटीस जाण्याच्या नावाने निघालेल्या स्त्रियांना भेटीस जाण्याचीच मनाई झाली! तेव्हा त्यांनी भिंतीच्या आत मुलींना बोलावून घेतले आणि शिकविणे हीच सेवा झाली. आयरिश वंशाच्या अ‍ॅलिस लालर यांनी फादर लिओनार्ड नील यांच्या आश्रयाने दोन सोबतिणींसह जॉर्जटाउन येथे शाळा चालविली, आणि १८१६ मध्ये पोपच्या अनुमतीने त्या संस्थेचा रीतसर व्हिजिटेशन मठ झाला. श्रीमंतांच्या मुली फी देऊन राहत व शिकत, आणि गरीब मुलींसाठी मोफत वर्ग चाले.

आज या शाळेत आणि अमेरिकेतील तिच्यासारख्या बहुतेक कॅथलिक शाळांत गणित, विज्ञान, भाषा, इतिहास यांचा कसून अभ्यास होतो, धर्मशिक्षण होते, आणि त्यांबरोबर समाजसेवेचीही अपेक्षा असते. अनेक शाळांत सेवेचे तास ठरलेले असतात, ते पुरे झाल्याखेरीज शालान्त पदविका मिळत नाही. अन्नछत्रात वाढणे, लहान मुलांचा अभ्यास घेणे, वृद्धांपाशी जाऊन बसणे, अशी ही कामे. मुलगी ती करते, वहीत तासांची नोंद होते, तेथील जबाबदार व्यक्ती सही करते.

सेवा ही काय घड्याळ लावून करावयाची गोष्ट आहे, असे आपल्या मनात चटकन येते. निष्काम कर्माचे धडे ऐकलेल्या कानांना हा हिशेब खटकतो. परंतु थोडे थांबून विचार केला तर संख्या आपल्याला कोठे परकी आहे? सोळा सोमवार, एकशे आठ मण्यांची माळ, लक्ष बेलपत्रे, श्रावणातील नेमलेली पारायणे, सर्व मोजूनच होते. मन लागो न लागो, नेम चुकू द्यावयाचा नाही, या आग्रहामागे आपल्या पूर्वजांचे मनुष्यस्वभावाचे ज्ञान होते. पंधरा वर्षांच्या मुलीला आपणहून दर शनिवारी वृद्धाश्रमात जावेसे वाटेल, ही अपेक्षा भाबडी आहे. तिला नेमाने तेथे नेले, तर दहाव्या शनिवारी एखाद्या आजीबाई तिची वाट पाहत असल्याचे तिला कळण्याचा संभव तरी असतो. तेव्हा तासांच्या मोजणीला आमचा आक्षेप नाही.

आक्षेप आहे तो पुढच्या पायरीला. अमेरिकेत महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जात अशा कामांचा उल्लेख करता येतो आणि त्याला वजन असते. मग सेवा हा गुणपत्रिकेतला आणखी एक विषय होऊन बसतो. त्यातून आपल्याकडील सुशिक्षित घरेही सुटलेली नाहीत. परदेशी पाठवावयाच्या मुलामुलींसाठी सुटीत एखादे प्रमाणपत्र मिळवून ठेवण्याची धडपड आम्ही पाहतो. छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम जाबालाची कथा या ठिकाणी आठवते. गुरूंनी त्याला शिष्य केले आणि चारशे रोडक्या गाई हाती देऊन रानात धाडले. हजार झाल्याखेरीज परत येणार नाही, असे तो म्हणाला. संख्या येथेही आहे! पण वर्षानुवर्षे गुरे राखीत असताना बैलाने, अग्नीने, हंसाने आणि पाणकोंबड्याने त्याला ब्रह्माचा एकेक पाद सांगितला, आणि आश्रमात तो परतला तेव्हा त्याच्या मुखावरचे तेज पाहून गुरू चकित झाले. गुरे राखणे हे त्याचे विद्येबाहेरचे काम नव्हते. सेवा आणि अध्ययन यांची फारकत झाली, की पहिलीचे प्रमाणपत्र होते आणि दुसऱ्याचे गुण.

आता सावध होण्यासारखी बाजू. सेवेचे नाव धारण करणाऱ्या या मठाच्या मालकीचे गुलाम होते. एकदोन नव्हे. शाळेच्या अभिलेखपालांनी मठातील जुन्या हिशेबवह्या, पत्रे व नोंदी चाळून काढल्या, तेव्हा किमान १०७ स्त्रिया, पुरुष व मुले यांची मालकी या जोगिणींकडे होती असे निष्पन्न झाले. १८२० च्या दशकात शाळेची वाढ आणि नव्या प्रार्थनामंदिराचे बांधकाम यांचा भार अंगावर आला, तेव्हा त्यांतील कित्येकांना विकून कर्ज फेडण्यात आले. वॉशिंग्टनमध्ये १६ एप्रिल १८६२ रोजी कायद्याने गुलामगिरी संपली. त्या कायद्यात भरपाई होती, पण ती मुक्त झालेल्यांस नव्हे, त्यांच्या मालकांस, आणि ती मागणाऱ्यांत हा मठही होता.

याहून बोचणारी गोष्ट निराळीच आहे. जोगिणी आपल्या गुलामांच्या मुलांना प्रेमाने लिहावाचावयास शिकवीत, अशी आख्यायिका संस्थेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात असे. संशोधनात तिला एकही पुरावा सापडला नाही. धर्मसंस्था असो वा घराणे, आपल्या पूर्वजांविषयी अशी एखादी मऊ कथा प्रत्येकाजवळ असते. ती सांगणारे खोटे बोलत नसतात, त्यांनी ती आजीकडून ऐकलेली असते. तिच्या आड मात्र ज्यांच्या श्रमावर घर उभे राहिले त्यांची नावे बुडून जातात. व्हिजिटेशनने ती आख्यायिका सोडली आणि वह्या उघडल्या. आपल्याच शाळेचा हा अहवाल शाळेनेच प्रसिद्ध केला आणि २०१९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्यावर विस्ताराने लिहिले. फी देणाऱ्या पालकांसमोर आणि देणग्या देणाऱ्या माजी विद्यार्थिनींसमोर असे करावयास धैर्य लागते. आमच्या मते ही त्या शाळेच्या हातून झालेली मोठी सेवा होय, आणि तिचे तास कोणत्याही वहीत नोंदलेले नसतील. अर्थात विकले गेलेल्यांना तिने काहीही परत मिळत नाही, हेही खरेच.

या मठासमोरच्या रस्त्यावरची एक कथा मात्र आख्यायिका नाही. मरिया बेक्राफ्ट ही जॉर्जटाउनमधील स्वतंत्र कृष्णवर्णीय घरातली मुलगी. १८२० साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, तिने कृष्णवर्णीय मुलींसाठी शाळा काढली. १८२७ साली तेथील धर्मगुरूच्या साह्याने ती शाळा नेमकी व्हिजिटेशन मठासमोर आली. इकडे भिंतीआड श्रीमंतांच्या मुली फ्रेंच आणि संगीत शिकत होत्या, गुलाम पाणी वाहत होते, आणि रस्त्याच्या पलीकडे एक तरुणी आपल्या समाजातील मुलींना अक्षरे गिरवावयास लावीत होती. १८३१ मध्ये ती बाल्टिमोर येथे कृष्णवर्णीय जोगिणींच्या संप्रदायात गेली आणि १८३३ साली, तिशीही न गाठता, वारली. शेजारच्या जॉर्जटाउन विद्यापीठाने २०१७ साली एका इमारतीला तिचे नाव दिले.

मरियाचे चरित्र वाचताना मराठी वाचकाला पुण्याचा भिडे वाडा आठवल्याखेरीज राहणार नाही. १८४८ साली सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या, तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. दोघींना एकमेकींचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दोघींच्या भोवती मात्र सरस्वतीला वा मेरीला भक्तिभावाने फुले वाहणारी आणि आपल्या विद्येत दुसऱ्यांच्या मुलींना वाटा नाकारणारी माणसे होती. आपली घरे त्यांत कोणत्या बाजूस होती, याचे उत्तर घराण्याच्या मऊ कथांतून मिळणार नाही. जुन्या शाळांची प्रवेशपुस्तके अद्याप कपाटांत आहेत. शतकोत्तर महोत्सवाची स्मरणिका काढताना देणगीदारांच्या छायाचित्रांबरोबर त्या पुस्तकांतील आडनावेही एकदा वाचून पाहावीत, कोणती आली आणि कोणती कधीपर्यंत आली नाहीत, असे आम्ही संस्थाचालकांना सुचवू.

घरांपुरते पाहावयाचे तर इतके दूर जाण्याचेही कारण नाही. खंडेनवमीला शाळेला सुटी असते, म्हणून भांड्यांना येणाऱ्या बाईंबरोबर पुष्कळदा त्यांची मुलगीही येते. पूजेची तांब्यापितळेची भांडी तीच चिंचेने लख्ख करते. ती कितवीत आहे, हे बहुधा घरातील बाईसाहेबांना ठाऊक असते, तिचे काय अडते हे नसते. दहावीत असेल तर बहुतेक गणित आणि इंग्रजी अडते, आणि शिकवणी लावण्याची ऐपत नसते. त्याच घरात अकरावी-बारावीला गेलेली, हे दोन्ही विषय नुकतेच पार पाडलेली मुलगी असते. दसऱ्यापासून मंडळाच्या परीक्षेपर्यंत सुमारे वीस आठवडे मिळतात. रविवारी सकाळी दोन तास, पाटावर शेजारी बसवून आणि चहाचा कप दोघींना सारखाच देऊन, असे धरले तर चाळीस तास होतात. वहीत नोंद करावयाची असल्यास ती करावी, सही त्या मुलीच्या आईची घ्यावी.