नाव उरले, कारखाना गेला

गेल्या काही वर्षांत भारतातील शहरांच्या रस्त्यांवर ‘एमजी’ ही दोन अक्षरे अष्टकोनी चौकटीत मिरवणाऱ्या गाड्या दिसू लागल्या आहेत. त्यांच्या जाहिरातींतून शंभर वर्षांच्या ब्रिटिश परंपरेचा उच्चार आवर्जून केला जातो. वस्तुस्थिती अशी की, हे नाव शांघायच्या साइक कंपनीच्या मालकीचे आहे. भारतातील तिचा कारखाना गुजरातमधील हालोल येथे आहे. पूर्वी तो जनरल मोटर्स या अमेरिकन मक्तेदार कंपनीचा होता, २०१७ मध्ये तो साइककडे आला आणि पुढे जेएसडब्ल्यू हा भारतीय उद्योगसमूह त्यात भागीदार झाला. ज्या गावात ही परंपरा खरोखर घडली, त्या इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यातून मात्र १९८० नंतर एकही गाडी बाहेर पडलेली नाही.

दोन आसनांच्या, छत उघडणाऱ्या स्पोर्ट्स गाडीच्या नशिबाशी कामगार चळवळीला काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु ब्रिटनमधील या धंद्याच्या ऱ्हासाची कहाणी गेली चार दशके कामगारवर्गाविरुद्धचा पुरावा म्हणून वापरली जात आहे. ‘युनियनने कारखाने बुडवले’ हे वाक्य सिद्ध करायचे झाले की ब्रिटिश लेलँडचे उदाहरण पुढे केले जाते. म्हणूनच हा पुरावा तपासून पाहणे अगत्याचे आहे.

१९२९ साली एमजीचे काम ॲबिंग्डन येथील एका जुन्या चामड्याच्या कारखान्याच्या जागेत हलविण्यात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला डॉलरची निकड होती, आणि जो कारखाना निर्यात करील त्यालाच पोलाद मिळेल असे सरकारी धोरण होते. अमेरिकेत या छोट्या गाड्यांची आवड निर्माण झाली ती याच काळात. १९५५ ते १९६२ या वर्षांत तयार झालेल्या लाखभर एमजीए गाड्यांपैकी फार थोड्या ब्रिटनमध्ये राहिल्या. त्यानंतर आलेली एमजीबी १९६२ पासून १९८० पर्यंत तयार होत राहिली आणि तिची संख्या पाच लाखांच्या वर गेली. कॉव्हेंट्रीच्या ट्रायम्फ गाड्या आणि डोनाल्ड हीली यांच्या नावाच्या गाड्या याच बाजारात उभ्या होत्या.

या गाड्यांवर मालकांनी जी माया केली तिचे कारण केवळ वेग किंवा ऐट नव्हे. त्यांचे बहुतेक यंत्रभाग साध्या कौटुंबिक गाड्यांतून घेतलेले असत. भारतीय वाचकाला याची खूण लगेच पटेल: ॲम्बॅसडर गाडीत अनेक वर्षे बसविले जाणारे १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि पहिल्या एमजीएचे इंजिन एकाच घराण्यातले. असे इंजिन अंगणात उघडता येत असे, पाने आणि हातोडी घेऊन जोडता येत असे. गाडी गंजत असे, तिची विजेची जोडणी वेळी-अवेळी दगा देत असे. तरीही ती मालकाला समजत असे. जी वस्तू समजते आणि दुरुस्त करता येते, तिच्याशी माणूस जोडला जातो. या निष्ठेचा पाया असा भौतिक आहे. भांडवलदारी जाहिरातशास्त्र त्याला ‘ब्रँडची जादू’ म्हणते, पण ती जादू आराखडाकाराच्या मेजावर आणि जुळणी कामगाराच्या हातात जन्मली होती.

आता ‘संपाने कारखाने बुडाले’ या सिद्धांताकडे वळू. लिव्हरपूलजवळील स्पीक येथे ट्रायम्फ टीआर ७ ही गाडी तयार होत असे. तेथे १९७७ च्या अखेरीस दीर्घ संप झाला, आणि १९७८ मध्ये तो कारखाना बंद करून सुमारे तीन हजार कामगारांना घरी पाठविण्यात आले. संपामुळे कारखाना गेला, असे लगेच सांगितले गेले. परंतु मग ॲबिंग्डनचे काय? हजार-अकराशे कामगारांचा तो कारखाना लेलँडच्या सर्व कारखान्यांत सर्वांत शांत म्हणून ओळखला जात होता. तेथील जुळणीच्या ओळीवर यंत्राचा सरकता पट्टा नव्हता. कामगार हाताने गाडी एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर ढकलीत नेत. त्याच कारखान्याला पन्नास वर्षे झाल्याचा सोहळा १९७९ च्या सप्टेंबरात गावात साजरा झाला, आणि तो आटोपतो न आटोपतो तोच, १० सप्टेंबर रोजी, एमजीबीचे उत्पादन थांबविण्याचा निर्णय जाहीर झाला. १९८० च्या ऑक्टोबरात शेवटची गाडी बाहेर पडली. स्पीकच्या कामगाराने संप केला म्हणून त्याचे काम गेले असेल, तर ॲबिंग्डनच्या कामगाराने संप केला नाही म्हणून त्याचे काम वाचायला हवे होते. ते वाचले नाही. संप हे कारण नव्हते. ते सोयीचे निमित्त होते.

खरी कारणे हिशेबाच्या वह्यांत आहेत. १९६८ साली सरकारच्या उत्तेजनाने अनेक कंपन्या एकत्र करून ब्रिटिश लेलँड हा अवाढव्य समूह उभा करण्यात आला. १९७५ मध्ये तो दिवाळखोरीच्या दारात पोहोचला तेव्हा रायडर समितीने त्याची तपासणी केली. मधल्या वर्षांत करोत्तर नफा झाला होता सुमारे ७ कोटी ४० लाख पौंड, आणि त्यांपैकी सुमारे ७ कोटी पौंड भागधारकांना लाभांश म्हणून वाटून टाकण्यात आले होते. नवी यंत्रे, नवे आराखडे यांसाठी उरले काय, हे सांगण्याची गरज नाही. एकाच समूहात एमजी आणि ट्रायम्फ एकमेकांशी स्पर्धा करीत राहिले. ॲबिंग्डनच्या आराखडाकारांनी नव्या गाडीची आखणी केली होती. ती १९७० च्या सुमारास बाजूला सारून सारी भिस्त टीआर ७ वर ठेवण्यात आली. तिचे उत्पादन स्पीकहून कॉव्हेंट्रीतील कॅन्ली येथे, तेथून सॉलिहलला, असे फिरत राहिले आणि १९८१ मध्ये तेही संपले.

येथेच मालकांच्या निष्ठेची दुसरी बाजू दिसते. १९६२ ची गाडी किरकोळ बदलांनिशी अठरा वर्षे विकली गेली. अमेरिकन नियमांची पूर्तता करण्यासाठी १९७४ मध्ये तिला काळे रबरी बंपर लावले गेले, तिची उंची वाढवून चाल बिघडविण्यात आली, आणि तरीही ग्राहक ती घेत राहिले. व्यवस्थापनाने या प्रेमाचा अर्थ एवढाच लावला की, पैसा न गुंतवताही माल खपतो. कामगाराचे कसब आणि ग्राहकाची निष्ठा या दोन्ही गोष्टी भांडवलाने फुकटचा ठेवा मानून वापरल्या आणि झिजविल्या. त्याच काळात जपानच्या डॅटसनने नव्या आराखड्याची, भरवशाची गाडी अमेरिकेत आणली. पुढे १९८९ मध्ये हिरोशिमाच्या माझदा कंपनीने ब्रिटिश नमुन्यावरून घडविलेली छोटी उघडी गाडी बाजारात आणली आणि २०१६ पर्यंत तिची दहा लाखांहून अधिक प्रते तयार केली. बाजार संपला होता, हा दावा याहून अधिक स्पष्टपणे खोटा ठरू शकत नाही.

शेवटचा धक्का दिला तो सरकारी अर्थनीतीने. १९७६ च्या शरदात पौंड १.६० डॉलरच्या आसपास घसरला होता. १९८० च्या शरदात तो २.४० च्या जवळ गेला. उत्तर समुद्रातील तेल आणि थॅचर सरकारने १९७९ च्या नोव्हेंबरात १७ टक्क्यांपर्यंत नेलेला व्याजदर यांनी पौंड महाग केला. सिटीच्या वित्तभांडवलाला ते मानवले; अमेरिकेत माल विकणाऱ्या कारखान्याला गळफास बसला. प्रत्येक एमजीबीमागे ९०० पौंडांचा तोटा होतो, असे व्यवस्थापनाने सांगितले. हा तोटा कोणाच्या धोरणाने झाला, हे मात्र सांगितले नाही.

या धोरणाला विरोध करणाऱ्यांचे काय झाले, हेही नोंदले पाहिजे. लाँगब्रिज कारखान्यातील कामगार प्रतिनिधींचे प्रमुख, कम्युनिस्ट पक्षाचे सभासद डेरेक रॉबिन्सन यांनी अध्यक्ष मायकेल एडवर्ड्स यांच्या कपातीच्या योजनेविरुद्ध पत्रक काढण्यात भाग घेतला, म्हणून १९७९ च्या नोव्हेंबरात त्यांना बडतर्फ करण्यात आले. वृत्तपत्रांनी त्यांना राक्षस ठरविले. त्याआधी कामगारांनी मोठ्या बहुमताने योजनेच्या बाजूने मत दिले होते, आणि रॉबिन्सन यांच्यासाठी संप करण्यासही त्यांनी पुढे नकार दिला. हे सत्य कटू आहे. भीतीच्या छायेत, कारखानावार विभागलेल्या कामगारांनी ‘निदान उरलेले तरी वाचेल’ या आशेने मत दिले. उरलेले वाचले नाही.

मालकही स्वस्थ बसले नव्हते. त्यांनी गाड्यांचे ताफे घेऊन निदर्शने केली; अमेरिकेतील विक्रेत्यांनी निषेध नोंदविला. ॲस्टन मार्टिनच्या पुढाकाराने एका गटाने कारखाना घेण्याची बोलणी केली. एमजी हे नाव हातचे सोडण्यास लेलँड सहज तयार नव्हती. अखेर परवान्याने ते वापरू देण्यापर्यंत मजल गेली, पण १९८० च्या उन्हाळ्यात तो बेत फसला. ज्यांनी गाड्या घडविल्या आणि ज्यांनी त्या विकत घेऊन जपल्या, त्या दोघांनाही निर्णयात स्थान नव्हते. १९८२ मध्ये तेच नाव लाँगब्रिजच्या मेट्रो या छोट्या कौटुंबिक गाडीवर चिकटविण्यात आले. कारखाना ‘तोट्याचा’ होता. नाव मात्र नफ्याचे होते.

त्यानंतर या नावाचा प्रवास म्हणजे मालमत्तेच्या हस्तांतराचा इतिहास. १९८८ मध्ये जनतेच्या मालकीचा समूह ब्रिटिश एरोस्पेसला विकला गेला. १९९४ मध्ये तो बीएमडब्ल्यूकडे गेला. २००० मध्ये बीएमडब्ल्यूने लाँगब्रिज नाममात्र १० पौंडांना फिनिक्स नावाच्या गटाला दिले. २००५ च्या एप्रिलात कंपनी कोसळली आणि सुमारे सहा हजार कामगार रस्त्यावर आले. गटाच्या चार प्रमुखांनी आणि मुख्य अधिकाऱ्याने मिळून वेतन व निवृत्तिलाभापोटी सुमारे ४ कोटी २० लाख पौंड घेतल्याचे २००९ च्या सरकारी चौकशी अहवालात नमूद झाले. या अधिकाऱ्यांना ‘कंपनी बुडविणारे’ म्हणून चार दशके कोणी हिणविणार नाही.

इतके होऊनही मालकांनी गाड्या सोडल्या नाहीत. १९३० पासूनचा एमजी कार क्लब आणि १९७३ मध्ये स्थापन झालेला एमजी ओनर्स क्लब यांनी सुटे भाग, दुरुस्तीचे ज्ञान आणि जुने दस्तऐवज सांभाळले. भंगारात जाऊ शकणारे जुने साचे हुडकून १९८८ मध्ये एमजीबीची संपूर्ण नवी बॉडी पुन्हा तयार होऊ लागली. या निष्ठेची थट्टा करण्याचे कारण नाही. उपयोगाची वस्तू नफ्याच्या हिशेबापलीकडे जपण्याची वृत्ती तीत आहे. पण तिची मर्यादाही ओळखली पाहिजे: तिने गाडी वाचविली, रोजगार वाचविला नाही. संघटित कामगारशक्तीशी तिची सांगड पडली नाही, म्हणून ती स्मरणरंजनाच्या कुंपणात राहिली आणि आज तिच्याच जिवावर नवा माल विकला जात आहे.

दुसरा मार्ग अशक्य नव्हता. ज्या लुकास समूहाची विजेची उपकरणे या गाड्यांत असत, त्याच समूहाच्या विमानविभागातील कामगार प्रतिनिधींनी १९७६ मध्ये नोकरकपातीला उत्तर म्हणून समाजोपयोगी उत्पादनांची स्वतःची योजना मांडली होती. सुमारे १५० वस्तू त्यांनी सुचविल्या होत्या. व्यवस्थापनाने ती फेटाळली. योजना अव्यवहार्य होती म्हणून नव्हे, तर काय उत्पादन करावे हे ठरविण्याचा अधिकार कामगारांकडे जाणे मालकवर्गाला परवडणारे नव्हते म्हणून.

हा धडा केवळ ब्रिटनचा नाही. हालोल विकणाऱ्या जनरल मोटर्सने २०२० च्या डिसेंबरात पुण्याजवळील तळेगावचा कारखाना बंद केला. हजारावर कामगार न्यायालयांच्या आणि कामगार खात्याच्या पायऱ्या झिजवीत राहिले, आणि २०२३ मध्ये त्या कारखान्याचा सौदा ह्युंदाईशी झाला. जमीन आणि यंत्रांना गिऱ्हाईक मिळाले. तेथे राबलेल्या माणसांना हमी मिळाली नाही. दरम्यान, सरकारी परवानगीवाचून कारखाना बंद करण्याची मुभा देणारी कामगारसंख्येची मर्यादा औद्योगिक संबंध संहितेने १०० वरून ३०० वर नेली आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. कारखाना बंद करण्यापूर्वी हिशेब कामगारांपुढे उघडे करावेत. नफ्यातून नव्या यंत्रांसाठी आणि आराखड्यांसाठी किती ठेवले आणि किती वाटले, हे जाहीर व्हावे. जेथे जनतेचा पैसा, जमीन किंवा करसवलत दिली गेली, तेथे रोजगाराची बंधनकारक अट असावी, आणि मालक बदलला तरी कामगाराची नोकरी अबाधित राहावी. ॲबिंग्डनच्या कामगारांनी उत्तम काम केले, शिस्त पाळली, शांतता राखली आणि तरीही सारे गमावले. शांत राहिल्याने संरक्षण मिळत नाही. संरक्षण मिळते ते संघटनेने, आणि उत्पादनाच्या निर्णयावर हक्क सांगण्याने.